राहून गेलेला फोन

गुरुवार, 21 फेब्रुवारी 1991. न्यूयॉर्क, दुपारी 1 च्या आत.

अमेरिकी सरकारच्या पाच वर्षांच्या रोख्यांचा लिलाव आहे. विकायचे रोखे सुमारे 9 अब्ज डॉलरचे. बोली 1 वाजेपर्यंत मॅनहॅटनमधल्या 33 लिबर्टी स्ट्रीटवर, म्हणजे मध्यवर्ती बँकेच्या, न्यूयॉर्क फेडच्या, इमारतीत पोचली पाहिजे. ती कागदावर लिहून हातोहात द्यायची असते. दलाल पेढ्यांची माणसे तिथल्या फोनपाशी उभी असतात. कार्यालयातून शेवटचा आकडा कानात पडला की तो कागदावर लिहायचा आणि कागद पेटीत टाकायचा. जगातल्या सर्वांत मोठ्या कर्जबाजाराची ही तेव्हाची रीत होती.

सालोमन ब्रदर्स या पेढीच्या आज तीन बोल्या आहेत. एक स्वतःच्या नावाने, दुसरी क्वांटम फंडाच्या, तिसरी लंडनच्या मर्क्युरी अ‍ॅसेट मॅनेजमेंटच्या. तिन्ही 3.15 अब्ज डॉलरच्या, म्हणजे प्रत्येकी लिलावाच्या 35 टक्के. नियमानुसार एका बोलीदाराला एवढीच मर्यादा आहे.

क्वांटमला याचा पत्ता नाही. मर्क्युरीलाही नाही.

तिन्ही बोल्यांना निम्म्याहून थोडे जास्त वाटप झाले. सालोमनच्या हाती सुमारे 5.1 अब्ज डॉलरचे रोखे आले, म्हणजे जवळपास 57 टक्के. दोन ग्राहकांच्या नावावर आलेले रोखे त्यांनी लगोलग सालोमनला विकले, असे कागदोपत्री दाखवले गेले. ग्राहकाला जाणारी पावती अडवून ठेवली. बोली लावणारा माणूस सरकारी रोख्यांच्या विभागाचा प्रमुख होता. त्याचे नाव पॉल मोझर.

हे पहिल्यांदा घडत नव्हते. 27 डिसेंबर 1990 च्या लिलावातही त्याने एका ग्राहकाच्या नावाने न सांगता बोली लावली होती. ती खपून गेली होती.

जुलै 1990. सात महिने आधी.

35 टक्क्यांची मर्यादा पूर्वी वाटपाला होती, बोलीला नव्हती. रोखे बोलीच्या प्रमाणात वाटले जात, त्यामुळे मोठा वाटा हवा असेल तर बोली फुगवायची. मोझर ती इतकी फुगवू लागला की एकट्याची बोली लिलावाच्या एकूण रकमेपेक्षा मोठी होऊ लागली. अर्थखात्यातले अधिकारी मायकेल बॅशम यांनी बोलीवरच मर्यादा घातली. मोझरने हा वार स्वतःवर घेतला आणि उघडपणे बॅशम यांच्यावर तोंडसुख घेतले.

त्या वर्षअखेरीला पेढीत बोनस वाटले गेले. 1990 च्या वाटपात आधीच्या वर्षापेक्षा 12 कोटी डॉलर जास्त गेले, नफा मात्र त्या प्रमाणात वाढला नव्हता. अर्बिट्राज गटातल्या लॅरी हिलिब्रँडला नफ्यातला ठरलेला हिस्सा म्हणून 2 कोटी 30 लाख डॉलर मिळाले. मोझरला 47 लाख 50 हजार.

47 लाख 50 हजार डॉलर मिळालेला माणूस स्वतःला डावलला गेलेला समजत होता. त्याला हाव म्हणावे की मान, हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. मला वाटते, अशा खोलीत या दोन शब्दांमध्ये फारसा फरक उरत नाही. ही तीच पेढी होती, जिथे फावल्या वेळात डॉलरच्या नोटांवरच्या क्रमांकांवर पैसे लावून खेळत असत. समोरच्याच्या हातात काय आहे ते ओळखायचे, आपल्या हातात काय आहे त्याबद्दल थाप मारायची. अध्यक्ष जॉन गुटफ्रॉइंड यांना ‘बिझनेस वीक’ने 1985 मध्ये मुखपृष्ठावर वॉल स्ट्रीटचा राजा म्हटले होते.

बुधवार, 17 एप्रिल 1991.

फेब्रुवारीच्या लिलावात एक किरकोळ गोष्ट कारकुनी नजरेला खटकली होती. एस. जी. वॉरबर्ग या पेढीने स्वतःच्या नावाने 10 कोटी डॉलरची बोली लावली होती. मर्क्युरी ही वॉरबर्गच्याच घरातली कंपनी. दोघांच्या बोल्या एकत्र धरल्या तर 35 टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते. अर्थखात्याने मर्क्युरीला पत्र लिहिले की यापुढे तुमची आणि वॉरबर्गची बोली एकच धरली जाईल. पत्रात कुणावर आरोप नव्हता. खोट्या बोलीचा संशयही नव्हता. त्याची एक प्रत मोझरला गेली.

मर्क्युरीच्या हातात आता न लावलेल्या बोलीचे पत्र होते. मोझरने लंडनला फोन केला. आमच्याकडून लिहिण्यात चूक झाली, दुरुस्त केली आहे, फार बोभाटा नको. लंडनने मान्य केले.

या हकिकतीत वेळेवर केलेला फोन एवढाच.

एप्रिलचा शेवटचा आठवडा.

मोझर पत्र घेऊन वरिष्ठाकडे, जॉन मेरिवेदर यांच्याकडे गेला. एक खोटी बोली लावली, असे त्याने कबूल केले. आणखी काही आहे का, असे विचारल्यावर नाही म्हणाला.

मेरिवेदर यांनी ते वर कळवले. चौघे बसले: गुटफ्रॉइंड, पेढीचे प्रेसिडेंट थॉमस स्ट्रॉस, मेरिवेदर आणि मुख्य कायदा अधिकारी डोनाल्ड फ्यूअरस्टाइन. फ्यूअरस्टाइन यांचे मत स्पष्ट होते. हा फौजदारी गुन्हा दिसतो. कळवण्याचे कायदेशीर बंधन नाही, पण सरकारला कळवले पाहिजे.

कुणी विरोध केला नाही. अर्थखात्याला सांगायचे की फेडला, यावर बोलणे झाले. सांगायचे यावर एकमत झाले. बैठक संपली.

फोन कोणी करायचा आणि कधी, हे ठरले नाही.

मोझर खुर्चीवर राहिला. त्याची चौकशी झाली नाही, त्याच्या बोल्यांवर कुणाला नजर ठेवायला सांगितले गेले नाही. याच दिवसांत, 25 एप्रिलला, पाच वर्षांच्या रोख्यांचा आणखी एक लिलाव झाला. त्यातही एका ग्राहकाने दिलेल्या मागणीपेक्षा 1 अब्ज डॉलर जास्तीची बोली लागली.

बुधवार, 22 मे 1991. दुपारी 1.

दोन वर्षांचे रोखे, 12.26 अब्ज डॉलर. सालोमन आणि त्याचे मोठे ग्राहक मिळून यातले सुमारे 86 टक्के घेऊन गेले.

लिलावाआधीच रोखे विकून बसण्याची पद्धत या बाजारात आहे. लिलावात स्वस्त मिळतील या हिशेबावर लोक ते विकतात. आता ते बाजारात उरलेच नव्हते. ज्यांना माल द्यायचा होता त्यांना सालोमनच्या दाराशी उभे राहून सालोमनच्या भावाने घ्यावे किंवा उसने आणावे लागले. साखरेच्या बाजारात सगळी पोती एकाच्या गोदामात गेली की काय होते ते आपल्याकडच्या कोणत्याही अडत्याला विचारा.

कोंडी झालेल्या पेढ्या ओरडल्या. अर्थखाते संतापले.

सोमवार, 10 जून 1991.

गुटफ्रॉइंड वॉशिंग्टनला जाऊन अर्थखात्याचे उपमंत्री रॉबर्ट ग्लॉबर यांना भेटले. विषय मे महिन्याचा लिलाव. आमच्या पेढीने काही वावगे केलेले नाही, हवी ती माहिती देऊ, असे त्यांनी सांगितले.

एप्रिलमध्ये जे सांगायचे ठरले होते ते ऐकायला योग्य माणूस समोर बसला होता. फोन करायचीही गरज नव्हती. फेब्रुवारीचा उल्लेख झाला नाही.

जूनअखेर सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनच्या आणि न्याय खात्याच्या नोटिसा आल्या. जुलैमध्ये पेढीने बाहेरचे वकील बोलावून स्वतःची चौकशी सुरू केली. वकील मे महिन्याच्या लिलावापासून मागे मागे जाऊ लागले.

त्याच जुलैमध्ये मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतले सोने विमानाने परदेशी जात होते. बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे 46.91 टन गहाण ठेवून देशाने सुमारे 40 कोटी डॉलर उभे केले. मोझरच्या एका खोट्या बोलीचा आकडा याच्या जवळजवळ आठपट होता.

गुरुवार, 8 ऑगस्ट 1991. न्यूयॉर्क, रात्री 10.30.

वॉरन बफे लेक टाहोला जेवायला गेले आहेत. त्यांच्या बर्कशायर हॅथवेने 1987 मध्ये सालोमनमध्ये 70 कोटी डॉलर घातले आहेत आणि ते संचालक आहेत. हॉटेलातल्या सार्वजनिक फोनवर त्यांना निरोप वाचून दाखवला जातो. काही लिलावांत नियमभंग आढळला आहे, मोझर आणि इतरांना निलंबित करत आहोत, उद्या निवेदन काढतो. गुटफ्रॉइंड लंडनहून परतीच्या वाटेवर आहेत. बफे परत टेबलाशी येतात. त्यांना हे तितके गंभीर वाटलेले नाही.

त्यांचे भागीदार चार्ली मंगर तेव्हा मिनेसोटात होते. त्यांनी फोनवर खोदून विचारले, तेव्हा कळले की वरिष्ठांना यातला एक भाग एप्रिलपासून ठाऊक आहे.

शुक्रवार, 9 ऑगस्ट.

निवेदन निघाले. बैठकीला शंभर दिवस उलटून गेले होते. वरिष्ठांना केव्हा कळले, याबद्दल निवेदनात अक्षर नव्हते.

मंगळवार, 13 ऑगस्ट.

न्यूयॉर्क फेडचे अध्यक्ष जेराल्ड कॉरिगन यांचे पत्र सालोमनला पोचले. तुमच्याशी व्यवहार चालू ठेवायचा का, याचा आम्हाला विचार करावा लागेल; सगळी हकिकत दहा दिवसांत लेखी द्या. अशी भाषा मध्यवर्ती बँक सहसा वापरत नाही.

हे पत्र संचालक मंडळाला दाखवले गेले नाही. कॉरिगन धरून चालले होते की संचालकांनी ते वाचले आहे आणि वाचूनही ते थंड बसले आहेत. बफे यांना ते आल्याचेच माहीत नव्हते.

आधी चौघांनी सरकारपासून एक गोष्ट दूर ठेवली होती. आता सरकारची गोष्ट मंडळापर्यंत गेली नाही.

बुधवार, 14 ऑगस्ट.

संचालकांची फोनवर बैठक. दुसरे निवेदन काढायचे आहे. एप्रिलपासून ठाऊक होते हे यात मान्य करायचे, पण मग सांगितले का नाही? मसुद्यातले कारण असे होते की इतर कामांच्या रगाड्यात ते राहून गेले. बफे आणि मंगर यांना हे कारण हास्यास्पद वाटले. शेवटी या बाबीकडे पुरेसे लक्ष न दिल्यामुळे, अशा अर्थाची शब्दरचना छापली गेली.

मंडळाने त्या दिवशी कारण दुरुस्त केले. कुणाचा राजीनामा मागितला नाही.

गुरुवार, 15 ऑगस्ट.

सालोमनचा ताळेबंद सुमारे 150 अब्ज डॉलरचा होता, त्यात भागधारकांचे भांडवल 4 अब्ज. बाकी सगळे उसने, त्यातले पुष्कळसे एका रात्रीपुरते. रोज संध्याकाळी कर्ज फेडायचे आणि रोज नवे घ्यायचे. रोख्यांच्या पेढ्या अशाच चालतात. देणाऱ्याने एक दिवस हात आखडला की संपले.

आज तो आखडला. सालोमनने काढलेले कर्जरोखे ग्राहक सालोमनलाच परत विकायला आले. घेतले नाहीत तर घाबरल्याचे दिसते, घेतले तर रोकड संपते. सुमारे 70 कोटी डॉलरचे परत घेतल्यावर खरेदी थांबवावी लागली. आठवड्याभरात शेअर 36 डॉलरच्या आसपासवरून 27 पर्यंत घसरला होता.

शुक्रवार, 16 ऑगस्ट. सकाळ.

‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर गुटफ्रॉइंड यांचा फोटो आहे. ते ओमाहाला बफे यांना फोन करतात. मी आणि स्ट्रॉस पायउतार होतो आहोत.

बफे तात्पुरते अध्यक्ष व्हायला तयार झाले आणि दुपारी विमानात बसले. संध्याकाळी ते कॉरिगन यांना भेटले. थोडा वेळ हवा, असे त्यांनी सुचवून पाहिले. कॉरिगन यांनी कसलाही शब्द दिला नाही. काहीही घडू शकते, तयारीत राहा, एवढे सांगितले. बफे यांना या ताठरपणाचे कारण उमगेना. ते कारण सालोमनच्याच कुठल्याशा फाइलीत तीन दिवस पडून होते.

शनिवार, 17 ऑगस्ट.

बफे यांनी डझनभर वरिष्ठांना एकेक करून आत बोलावले. पेढी चालवायला माणूस हवा होता. टोकियोहून नुकतेच आलेले डेरिक मॉन निवडले गेले. लिलावांच्या या सगळ्या भानगडीत ते समुद्रापलीकडे होते, ही त्यांची मोठी जमेची बाजू.

रविवार, 18 ऑगस्ट. सकाळी 10 च्या आसपास. टोकियो उघडायला 10 तास.

7 वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये संचालक जमले आहेत. राजीनामे घ्यायचे, नवे अध्यक्ष नेमायचे, मग पत्रकारांना सामोरे जायचे. तेवढ्यात वॉशिंग्टनचा निरोप येतो. अर्थखाते थोड्याच वेळात जाहीर करणार आहे की सालोमनला सरकारी रोख्यांच्या लिलावात बंदी. स्वतःसाठी नाही, ग्राहकांसाठीही नाही.

बंदीने बुडणारा धंदा हा प्रश्न नव्हता. सरकारने हात काढला असा संदेश गेला की उसने देणारे उरणार नाहीत. सोमवारी सकाळी 9 ला टोकियोचा बाजार उघडेल, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रविवारचे रात्रीचे 8 वाजलेले असतील. पैशाची मागणी तिथून सुरू होईल, मग लंडन, मग इथे. दिवाळखोरीच्या अर्जाचे पाहायला वकील कामाला लागले. रविवारी न्यायाधीश कुठे सापडेल, हाही एक मुद्दा होता.

सकाळ ते दुपार.

अर्थमंत्री निकोलस ब्रॅडी साराटोगा स्प्रिंग्जला आहेत. तिथे ऑगस्टात घोड्यांच्या शर्यती असतात. त्यांना शोधून फोनवर घेतले जाते. बंदी घोषित झालेली आहे, मागे घेणे अवघड आहे, असे ते सांगतात. बफे म्हणतात, बंदी राहिली तर मी ही जबाबदारी घेणार नाही. ब्रॅडी इतरांशी बोलतो म्हणतात. कॉरिगन, कमिशनचे अध्यक्ष रिचर्ड ब्रीडन, फेडचे अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांच्यात फोन फिरतात. एप्रिलमध्ये जो एक फोन करायचा होता, त्याच्या बदल्यात आज किती झाले याची मोजदाद कुणी ठेवली नसावी.

दुपारी 2.30 च्या सुमारास. टोकियो उघडायला साडेपाच तास. मुंबईत मध्यरात्र.

अर्थखात्याचे सहायक सचिव जेरोम पॉवेल यांचा फोन. पुढे हेच गृहस्थ फेडचे अध्यक्ष झाले. सालोमनला स्वतःसाठी बोली लावता येईल, ग्राहकांसाठी नाही. एवढ्यावर भागेल का, असे ते विचारतात. बफे म्हणतात, भागेल असे वाटते.

राजीनामे मंजूर झाले. मेरिवेदरही गेले. बफे अंतरिम अध्यक्ष झाले. त्यांनी पगार घेतला 1 डॉलर.

रात्री 8. टोकियो.

बाजार उघडला. पैसे मागणारे आले, पण रांग लागली नाही. काही तासांत मॉस्कोहून बातमी आली की गोर्बाचेव्ह यांना बाजूला सारून रणगाडे रस्त्यावर उतरले आहेत. सोमवारी वर्तमानपत्रांना पहिल्या पानासाठी दुसरा विषय मिळाला.

नंतर.

मे 1992 मध्ये सालोमनने सरकारशी 29 कोटी डॉलरवर तडजोड केली. डिसेंबर 1992 मध्ये गुटफ्रॉइंड यांना 1 लाख डॉलर, स्ट्रॉस यांना 75 हजार आणि मेरिवेदर यांना 50 हजार डॉलर दंड झाला. दंड खोट्या बोलीबद्दल नव्हता. ठाऊक असून हाताखालच्या माणसाला आवरले नाही, याबद्दल होता. मोझरला डिसेंबर 1993 मध्ये चार महिन्यांची कैद आणि 30 हजार डॉलर दंड झाला. पुढे कमिशनने आणखी 11 लाख वसूल केले आणि त्याला या धंद्यातून कायमचे बाहेर काढले. 1997 मध्ये सालोमन विकली गेली.

इकडे एप्रिल 1992 मध्ये मुंबईच्या फोर्टात उघड झालेल्या घोटाळ्याच्या मुळाशीही सरकारी रोखेच निघाले, आणि रोख्यांऐवजी दिल्या जाणाऱ्या ज्या बँक रिसीटांच्या जोरावर पैसे फिरले त्यातल्या कित्येकांमागे रोखे नव्हते. तो घटनाक्रम वेगळा.

1993 मध्ये अमेरिकेचा लिलाव संगणकावर गेला. 33 लिबर्टी स्ट्रीटच्या फोनपाशी कागद घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसांची गरज उरली नाही.